चाखणकरांची जीभ

ग्लास तिरका धरून तिने बाटलीतली काळी बियर काठाकाठाने सोडली आणि अर्धा भरल्यावर ग्लास हळूच सरळ केला. तपकिरी फेस दोन बोटं वर आला आणि तिथेच थांबला. टेबलापलीकडे चाखणकर पेन्सिल घेऊन बसले होते. वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी आधीच मथळे घालून ठेवले होते: रंग, वास, चव, शेवट.

"फेस?"

"दाट आहे. बुडबुडे बारीक."

"उजेडात धर जरा. रंग माझा मी बघतो."

तिने ग्लास खिडकीकडे नेला. दुपारच्या उन्हात ती काळी बियर काठाशी लालसर दिसली. त्यांनी मान हलवली आणि दोन ओळी लिहिल्या. डोळ्यांचं काम ते अजून स्वतः करत. त्यापुढचं सगळं तिच्याकडे होतं.

तिने तीनदा वास घेतला. एक आखूड, एक लांब आणि ग्लास फिरवून तिसरा. मग एक घोट घेऊन तो गालांत फिरवला आणि डोळे न मिटता गिळला. पावाची करपलेली कड. कॉफी, पण दूध न घातलेली. जुन्या मनुका. आणि या सगळ्यांच्या मागे, दाराआड कुणी उभं असावं तसं, आणखी काहीतरी. तेही तिने ओळखलं आणि बाजूला ठेवलं.

"सांग," चाखणकर म्हणाले.

"कॉफी आहे. मनुका आहेत." ती थांबली. "आणि धूर आहे."

पेन्सिल थांबली. "धूर?"

"ओल्या लाकडाचा. आधी नाही येत, घोट गिळल्यावर येतो. आणि अगदी शेवटी मिठाची कड."

"नक्की ना?"

"नक्की."

"तू म्हणतेस म्हणजे असणारच," म्हणत त्यांनी 'धूर' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली रेघ मारली.

तिने ग्लास मोरीत ओतला, नळ सोडला आणि काळं पाणी गोल फिरत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. केसाने गळा कापायचा तर केस घरचाच लागतो, हे मात्र खरं होतं.

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत ते त्या नावाने बियर, वाइन आणि इतर पेयांवर लिहीत. एकोणीस वर्षं लिहीत होते. नाव इतकं चिकटलं होतं की पोस्टमनसुद्धा पत्रं देताना "चाखणकर आहेत का?" म्हणून विचारायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला आणि जाताना नाक आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट बघा. पहिल्या महिन्यात चाखणकर रोज सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यात तोंड खुपसत आणि झाकण लावून गुपचूप फडताळात ठेवत. तिने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मी चाखते आणि सांगते. तुम्ही लिहा. कुणाला कळणारे?"

कुणालाच कळलं नाही. कळण्याचं कारणही नव्हतं. चाखणकरांची बायको काय करते हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी काचेच्या बाटल्यांची रांग तिच्यापुढे यायची आणि ती एकेक नमुना हुंगून, जिभेवर फिरवून थुंकायची. नळाला गंज कुठे धरलाय, टाकीत शेवाळ कधी आलं, औषध कुठे जास्त पडलं, हे ती यंत्राच्या आधी सांगायची. एकदा तिच्या एका शब्दावर अर्ध्या शहराचा पुरवठा सहा तास थांबवला होता, आणि संध्याकाळी यंत्रानेही तेच सांगितलं. पाण्यात चव शोधणाऱ्या बाईला बियर म्हणजे उघडं पुस्तक.

त्या दोन वर्षांत चाखणकरांचं लिखाण आणखी नावाजलं. लोक म्हणू लागले, वयानुसार यांची जीभ पिकत चाललीय. मग लेखांचं पुस्तक निघालं. प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. ती चौथ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर पुरवणीचे संपादक तिच्याजवळ येऊन सहज म्हणाले, "वहिनी, तुम्हीही चाखता का कधी यांच्याबरोबर?"

तिने तोंड उघडायच्या आत चाखणकर हसले.

"ही? अहो, चहात साखर पडलीय की नाही तेही हिला दुसऱ्याला विचारावं लागतं."

सगळे हसले. तीही हसली. नंतर तिला तेच जास्त लागलं. घरी येताना गाडीत चाखणकर गुणगुणत होते. ती वाट बघत होती की ते काहीतरी बोलतील. नुसतं "बोललो आपलं ओघात" एवढं जरी म्हणाले असते. ते म्हणाले, "माईकची व्यवस्था चांगली होती, नाही?"

राग तिने गिळला, पण तो पचला नाही. सात महिने ती डाव धरून होती. बाहेरून काही बदललं नाही. ती चाखत होती, सांगत होती, ते लिहीत होते. एकदोनदा तिने मुद्दाम चुकीचा शब्द घालून पाहिला, पण वाचणाऱ्यांपैकी कुणालाच तो खटकला नाही. उलट एका वाचकाने पत्र लिहून कळवलं की त्यालाही अगदी तशीच चव लागली. तेव्हा तिला कळलं की लेखातून काही व्हायचं नाही. समोर जाणकार माणूस हवा आणि चाखणकरांना पळायला वाट नको.

मग पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. चाखणकरांना फोन कानाला न लावता मोठ्या आवाजावर ठेवून बोलायची सवय होती, त्यामुळे भाजी चिरताना तिला सगळं ऐकू आलं. परदेशातून एक काळी बियर पहिल्यांदाच इकडे येणार होती. मागवणाऱ्या आयातदार बाई अगदी मधाळ बोलत होत्या.

"सर, तुमच्या घरी येऊनच चित्रण करू. तुमचं टेबल, तुमचा ग्लास. तुम्ही चाखायचं आणि बोलायचं, बस. मी स्वतः चार वर्षं त्या कारखान्यात काम केलंय, सर. पण तुमच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी."

चाखणकर फुलले होते. "दोन बाटल्या आधी पाठवा. ओळख झालेली बरी असते."

तिने सुरी खाली ठेवली होती आणि हात पुसले होते.

पंधरा दिवस तिने विचार केला. खोटं पचेल असं हवं होतं. केळं म्हणावं तर चाखणकर हसले असते. नाक गेलं होतं, अक्कल नव्हती गेली. काळ्या बियरमध्ये केळं कुठून येणार? पण धूर काही बियरमध्ये मुद्दाम आणतात, धान्य धुरावर वाळवून. चाखणकरांना ते माहीत होतं. त्यामुळे धूर त्यांच्या घशाखाली उतरेल. आणि जिने चार वर्षं त्याच कारखान्यात धान्य भाजताना पाहिलंय तिच्या मात्र उतरणार नाही.

शनिवारी संध्याकाळभर चाखणकर खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करत होते. "ओल्या लाकडाचा धूर. पहिल्यांदा भेटत नाही. पाहुणा निघून गेल्यावर त्याची आठवण यावी तसा." मध्येच थांबून त्यांनी तिला विचारलं, "हे आठवणीचं बरं वाटतंय का?"

"छान वाटतंय," ती म्हणाली.

रविवारी अकराला आयातदार बाई आल्या. पस्तिशीच्या, केस आखूड, हातात एक खोकं आणि तीन पायांचं उभं स्टँड. त्यांनी पडदा अर्धा ओढला, स्टँडवर मोबाइल लावला, टेबलावरची औषधांची डबी विचारून बाजूला केली. खोक्यातून नवी बाटली काढली.

"काकू, तुम्हाला त्रास देतेय सकाळी सकाळी."

"छे, त्रास कसला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून दोघांचे चेहरे दिसत होते.

चाखणकरांनी इस्त्रीचा निळा सदरा घातला होता. त्यांनी ग्लास भरला. फेस बघितला, उजेडात धरला, रंगाबद्दल बोलले आणि अगदी खरं बोलले. मग नाक ग्लासात घालून त्यांनी डोळे मिटले. तिला माहीत होतं की त्या मिटल्या डोळ्यांआड काही नाही. नुसता अंधार आणि पाठ केलेली वही.

"कॉफी," ते म्हणाले. "मनुका." घोट घेतला. थांबले. थांबणं त्यांना सुंदर जमायचं. "आणि मग येतो धूर. ओल्या लाकडाचा धूर."

आयातदार बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. दारातून तिने ते पाहिलं आणि तिच्या छातीत काहीतरी गरम पसरलं. सात महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"धूर, सर?"

"धूर. आणि शेवटी मिठाची कड."

बाईंनी आपला ग्लास उचलला, हुंगला, घोट घेतला. पुन्हा हुंगला. "सर, यात धुरावर वाळवलेलं धान्य नसतं. भट्टीवर मी स्वतः उभी असायची."

"तुमच्या भट्टीत काय घालतात ते तुम्हाला माहीत. ग्लासात काय उतरलंय ते मी सांगतोय."

"पण मला खरंच येत नाहीये, सर." बाईंचा आवाज नरम झाला. मोबाइलकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, "आपण पुन्हा घेऊ या का? तुम्हाला सर्दी वगैरे झालीय का? हवाच तशी आहे. माझंही नाक कालपर्यंत चोंदलं होतं."

दारात तिने ओठ आवळले. बाईने आयती पळवाट काढून दिली होती. हो म्हणायचं, रुमाल काढायचा, एकदा शिंकायचं. पुढच्या आठवड्याची वेळ ठरली असती आणि सगळं निभावलं असतं. चाखणकरांना असल्या वाटा पटकन दिसत.

त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे. तिने नजर स्टँडच्या पायांकडे वळवली.

"सर्दी नाही," ते म्हणाले. "मला दोन वर्षं झाली, वास येत नाही, चवही लागत नाही."

बाईंनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"तापात गेलं ते आलंच नाही. मला ही बियर आणि गरम पाणी सारखंच. हे सगळं हिने चाखलंय." त्यांनी बोट केलं. आवाज चढला होता. त्यात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. वादात हार न मानणाऱ्या माणसाचा तो आवाज होता, आणि तो तिने चौतीस वर्षं ऐकला होता. "पुस्तकातली शेवटची शंभर पानं हिची आहेत. एकतीस वर्षं हिने या शहराचं पाणी चाखलंय, एकदा चुकलेली नाही. ही धूर म्हणाली म्हणजे आहे धूर. तुम्ही तुमची जीभ तपासून घ्या."

मोबाइलवरचा लाल ठिपका चालू होता.

जे तिला सभागृहात ऐकायचं होतं ते सगळं, जरा जास्तच, तिच्या घराच्या खोलीत बोललं गेलं होतं. आणि तेही एका धुरासाठी, जो तिने स्वतःच्या तोंडाने बनवला होता. ती दारातच उभी होती.

"काकू?" आयातदार बाईंनी चाखणकरांसमोरचा ग्लास उचलून टेबलाच्या रिकाम्या बाजूला ठेवला. "तुम्ही घेता का?"

ती येऊन बसली. चाखणकर आता मागे रेलले होते, जिंकल्यासारखे. त्यांनी हाताची घडी घातली होती.

एक आखूड, एक लांब, एक फिरवून. घोट गालांत फिरवला आणि गिळला. तिला घाई नव्हती. हो म्हटलं असतं तर चाखणकरांचं खरं ठरलं असतं आणि जिच्या जिभेचं एवढं कौतुक झालं ती या बाईच्या नजरेत कायमची खोटी पडली असती.

"धूर नाही," ती म्हणाली.

चाखणकरांची घडी सुटली. "काय?"

"धूर नाही. मीठही नाही."

"होतं असं, काकू," आयातदार बाई समजुतीने म्हणाल्या. "रोज रोज चाखून जिभेला थकवा येतो. आमच्या तिथे भलेभले चुकायचे."

"माझी जीभ चुकली नाही." तिचा आवाज तिला वाटला त्याहून धारदार निघाला. चाखणकरांच्याच आवाजासारखा. "धूर मला कालही आला नव्हता. मी यांना मुद्दाम खोटं सांगितलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

मग ती सांगू लागली. पावाची करपलेली कड, ती पहिल्या वासात. बिनदुधाची कॉफी. मनुका, पण ताज्या नाहीत, डब्यात तळाला राहिलेल्या असतात तशा. जिभेच्या मुळाशी कडवटपणा येतो तो सालीचा नाही, भाजल्याचा, आणि तो चांगला आहे, सभ्य आहे, रेंगाळत नाही. "पण या सगळ्यांच्या मागे ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे. कालच्या बाटलीत कमी होता, हिच्यात जास्त आहे. ही बियर वाटेत कुठेतरी तापली आहे. एकदोन दिवस नाही. बरेच दिवस."

आयातदार बाईंनी ग्लास तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला.

"बंदरात अडकला होता माल," त्या हळूच म्हणाल्या. "तीन आठवडे. उन्हात. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला कुठून कळलं?"

"ग्लासातून."

बाई उठल्या आणि त्यांनी मोबाइलचं चित्रण थांबवलं. स्टँडचे पाय मिटता मिटता त्यांनी आधी चाखणकरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे मी पुसून टाकते. माझंही यात काही भलं नाही."

चाखणकर मान खाली घालून टेबलावरचा ओला गोल बोटाने पुसत होते. सहज हो म्हणू शकले असते. ते म्हणाले, "हिला विचारा."

"पुसू नका," ती म्हणाली. "कुठे दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पुसू नका."

बाईंनी मान हलवली. जाताना त्यांनी खोकं तिथेच ठेवलं आणि दाराशी चपला घालताना तिचा नंबर मागून घेतला. तिचा, चाखणकरांचा नव्हे. तो तर त्यांच्याकडे होताच.

दार लागल्यावर घर फार मोठं वाटू लागलं. चाखणकर जागचे हलले नव्हते. निळ्या सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी काढलं.

"कधीपासून?"

"सात महिने."

ते आठवू लागले. कपाळाला आठ्या घालून, खरोखर, शाळेतल्या मुलासारखं महिने मागे मोजत. तिने मदत केली नाही. मग त्यांचा चेहरा बदलला.

"ते चहाचं," ते म्हणाले. "सभागृहातलं."

"हो."

"मी विसरलो होतो."

"मला माहीत आहे."

तिला वाटलं आता ते माफी मागतील, आणि मागितली तर काय करायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. पण त्यांनी मागितली नाही. काही वेळाने त्यांनी वही जवळ ओढली, कालचं पान उघडलं, रेघ मारलेल्या शब्दाकडे बघत राहिले आणि वही मिटली.

"शनिवारी काय देऊ मग?"

"तुमचं तुम्ही बघा."

तिने खोक्यातून एक बाटली काढली, उघडली आणि स्वच्छ ग्लासात ओतली. तिरका धरला नाही. फेस भसकन वर आला आणि काठावरून तिच्या बोटांवर उतरला. ती ग्लास घेऊन खिडकीपाशी गेली. समोरच्या इमारतीत कुणी गाद्या उन्हात घालत होतं. तिने पहिला घोट घेतला, मग दुसरा, मोठा. न फिरवता, न थांबता. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती घोट मोजत नव्हती. पुठ्ठा होताच, पण एवढा काही वाईट नव्हता.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाखणकर तिच्या मागे दोन हातांवर येऊन थांबले. मग त्यांना राहवलं नाही.

"कशी लागतेय?"

तिने आणखी एक घोट घेतला आणि सावकाश गिळला.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.